हेही पाहा

लोक पुस्तकं लिहितात. मी त्यांच्या शेपट्या लिहिते.
सुवातल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर
खालचं यंत्र धडधडलं की लिंबाच्या पानांचा चहा
कपात शहारतो, आणि मी शब्दांना पानांचे आकडे बांधते,
शेळ्यांना दावं बांधावं तसं.

या खेपेचं पुस्तक जाड आहे. डॉक्टर सेमेसींचं.
प्रलयाच्या कथेतलं पाणी, आणि दाराशी आलेलं.
पहिला भाग हिब्रू क्रियापदांचा, दुसरा प्रवाळांचा,
तिसऱ्यात कायदा: देश बुडाला तर नागरिक कुठला?
शेवटी सहा प्रवचनं, नव्या उपदेशकांसाठी,
समोरची माणसं पाय वर घेऊन बसली असतील
तेव्हा काय बोलावं, याची.

    जमीन — पाहा: वारसा
    वारसा — पाहा: जमीन

ही चूक आहे. वाचक गोल फिरत राहील.
तीन दिवस झाले, मला ती काढवत नाही.

    पाणी — ३, ९, १७ ते ६०, आणि
    (पुढे "सगळीकडे" लिहायची परवानगी नाही.)

माझे वडील प्रवचन करायचे. लालीवर ठोका पडला की
कसाव्याची माती हातावर तशीच घेऊन उभे राहायचे.
एकच पुस्तक, खाऱ्या हवेनं पावासारखं फुगलेलं.
त्याला सूची नव्हती. जे पान उघडेल
त्यावर बोलायचे. एकदा नुसती वंशावळ उघडली,
तर तासभर नावं वाचली. लोक रडले.

पान २१४. तळटीप एकतीस.
वर मजकुरात सात जर्मन विद्वान ओळीनं भांडताहेत,
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
"प्रवचनानंतर एक स्थानिक स्त्री म्हणाली,
पुन्हा प्रलय होणार नाही हे वचन
नौकेत बसलेल्यांना दिलं होतं.
आमचं नाव त्या यादीत होतं का?"

पुढचं अख्खं प्रकरण या प्रश्नावर उभं आहे.
चाळीस पानं. छप्पर, खिडक्या, खांब, सगळं.
पायाखाली एक स्थानिक स्त्री.

मी डॉक्टरांना लिहिलं: नाव काय तिचं?
नऊ दिवस उत्तर नाही. मग आलं, किरिबातीहून,
बोटीवरून लिहिलेलं, थोडं ओशाळलेलं:
वही शोधली. नेई तेबोरा. बाबाईच्या खड्ड्यात
खारं पाणी शिरलं होतं, ते उपसत होती,
उपसता उपसताच बोलली.
मी वर काठावर उभा होतो, असंही त्यांनी लिहिलं.
ते का लिहिलं, कोण जाणे.

आमच्या संपादकांचा नियम जुना आहे:
तळटीपेतली माणसं सूचीत घेऊ नयेत.
आणि जागा? ते म्हणाले. ओळी मोजलेल्या असतात, वासेमादा.
मी एक जर्मन विद्वान गाळला.
त्याची इतर पुस्तकं आहेत, त्यांच्या सूच्यांत तो सुखानं राहील.

    तेबोरा, नेई — २१४ (तळटीप);
    हेही पाहा: वचन; यादी; नौका

काल प्रती आल्या. शाईचा वास, कोरे कोपरे.
मी आधी शेपूट बघते, सवयच आहे.
नाव आहे. ठळक नाही, पण आहे.
मग पान उलटलं, आणि कळलं,
शेवटच्या क्षणी कुणीतरी एक नकाशा घातलाय,
बुडू शकणाऱ्या बेटांचा. सगळं एक पान पुढे सरकलंय.
सूची म्हणते २१४. ती आहे २१५वर.

दुरुस्तीचा कागद चिकटवा, असं मी सांगितलं नाही.
तिला शोधत येणारा माणूस आधी नकाशावर पोचेल,
निळ्या रंगात तिचं बेट हुडकेल,
ते टाचणीच्या टोकाएवढं आहे, कदाचित सापडणार नाही.
मग पान उलटावं लागेल.